आसातून सुटलेला मासा : उल्हास खोऱ्यातील एका गृहीतकाचा इतिहास

जाळ्याच्या गाठींमधील मोकळ्या चौकटीस मच्छीमार 'आस' म्हणतात. आस मोठा ठेवावा, म्हणजे लहान मासा निसटून वाढेल, हा विचार इतका सरळ आहे की निसटलेला मासा खरोखर जगतो काय, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना दीर्घकाळ सुचलाच नाही. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर यांच्या परिसरातून वाहणाऱ्या उल्हास व वालधुनी या नद्यांच्या संदर्भात त्या मौनाचा विचार येथे केला आहे.

फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या आपल्या अहवालात हिंदुस्थानातील गोड्या पाण्यातील मासळीच्या ऱ्हासाचे एक कारण म्हणून बारीक आसाच्या जाळ्यांकडे बोट दाखविले. पुढे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने जाळ्यांचे माप व प्रकार ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. १९५७ साली बेव्हर्टन व होल्ट यांनी मत्स्यसंख्येचे प्रसिद्ध गणित मांडले, तेव्हाही आसातून गेलेला मासा जिवंतांच्याच खात्यात धरला गेला.

हे गृहीतक तपासले गेले ते पुष्कळ उशिरा, तेही युरोपातील सागरी मासेमारीत. ओढजाळ्याच्या शेवटच्या पिशवीभोवती आवरण लावून निसटलेले मासे पिंजऱ्यात धरावयाचे व काही दिवस त्यांवर लक्ष ठेवावयाचे, अशी ही रीत. (पिंजऱ्यामुळे होणारी इजा वेगळी कशी काढावी, हा वाद अद्याप मिटलेला नाही.) २००५ साली सुरोनेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी या प्रयोगांचा आढावा घेतला. त्यावरून दिसते की, कॉडसारखे मासे बहुधा वाचतात. नाजूक खवल्यांचा हेरिंग मात्र मोठ्या प्रमाणात मरतो, आणि तोही पुष्कळदा काही दिवसांनी.

नदीतील माशाची गोष्ट आणखी निराळी. खवले व त्यांवरील बुळबुळीत थर खरवडला की गोडे पाणी शरीरात शिरू लागते व क्षार बाहेर जातात. जखमेवर कापसासारखी बुरशी धरते. धडपडीने थकलेल्या माशास प्राणवायूही अधिक लागतो. सांडपाणी मिसळलेल्या प्रवाहात नेमका तोच कमी असतो. म्हणजे सुटलेल्या माशाचे भवितव्य आसाइतकेच पाण्यावर अवलंबून आहे.

आणि येथील पाणी बदलले. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी निर्वासितांचे उल्हासनगर वसले. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे पुढे अंबरनाथ व बदलापूर येथे उभी राहिली. १०६० मधील शिवालयाच्या कडेने वाहणारी वालधुनी कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी वाहू लागली. १८९७ च्या कायद्यात पाण्यात विष टाकणे हा गुन्हाच होता. परंतु मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने ते टाकलेले असेल तरच! कारखान्याचा असा हेतू नसतो. जलप्रदूषणासाठी १९७० साली स्वतंत्र मंडळ निघाले, व २०१५ साली हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल भरपाई ठरविली. तथापि जाळ्याचे नियमन व पाण्याचे नियमन या दोन वाटा वेगळ्याच राहिल्या. एकीला सुटलेला मासा जिवंत दिसतो, दुसरीला मासा दिसतो तो पाण्यावर मरून तरंगल्यावर. खवले गमावून चार दिवसांनी तळाशी गेलेला मासा दोन्हींच्या दप्तरांबाहेर राहतो.

म्हणून एकाच वर्षाचे मत्स्यखात्याचे व जलप्रदूषणाचे कागद शेजारी ठेवून वाचणे आवश्यक आहे. अभ्यासकांनी बदलापूर ते कल्याण हा टप्पा प्रथम घ्यावा.