डभईचे स्टेशन

बडोद्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर वसलेले डभई मराठी माणसास ठाऊक असते ते लढाईमुळे. १७३१ साली पहिल्या बाजीरावाने या परिसरात सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांचा पराभव केला आणि सेनापती रणांगणी पडले. गायकवाड त्या दिवशी पराभूत पक्षात होते. त्याच घराण्याने पुढे डभईला दुसरी, अधिक सुखद कीर्ती मिळवून दिली.

रुंद लोहमार्ग बडोद्यास पोहोचल्यावर लवकरच, १८६२ साली, खंडेराव महाराजांनी मियागाम ते डभई असा वीस मैलांचा अरुंद मार्ग घातला. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. भारतातील अरुंदमापी रेल्वेचा आरंभ तो हाच. आणि श्रोतेहो, ही आगगाडी नव्हे, बैलगाडी होती! डबे ओढीत ते बैल. यात हसण्यासारखे काही नाही. हा मुलूख कापसाचा आणि काळ्या मातीचा. पावसाळ्यात गाडीची चाके आसापर्यंत रुतत. रुळांवर घर्षण अल्प असल्याने तीच बैलजोडी कितीतरी अधिक भार ओढू शके. शिवाय अमेरिकेतील यादवीमुळे त्या काळी कापसाचे भाव कडाडले होते. माल वेळेवर पोहोचणे म्हणजे पैसा.

पुढच्या वर्षी इंजिने चालवून पाहण्यात आली. परंतु हलक्या रुळांना त्यांचा भार पेलेना. तेव्हा पुन्हा बैलच जुंपले गेले. अधिक वजनदार रूळ घालून १८७३ साली वाफेची गाडी नियमित धावू लागली, तेव्हा खंडेराव महाराज हयात नव्हते. इंजिन विकत घेता येते, पण त्याखालचा पाया आपणच भक्कम करावा लागतो, हा धडा संस्थानाला दहा वर्षांनी उमगला.

पुढे बडोदे, चाणोद, बहादरपूर अशा दिशांना फाटे निघाले आणि डभई हे अरुंदमापी मार्गांचे मोठे जंक्शन झाले. नर्मदास्नानास चाणोदला जाणारे यात्रेकरू, कापसाच्या गासड्या आणि बडोद्यास कामाला जाणारे चाकरमाने यांची गाठ याच फलाटावर पडे. एक अडचण मात्र कायम राहिली: रुंद मार्ग गाठताच प्रत्येक गासडी उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. स्वस्ताईची ही किंमत पिढ्यान्पिढ्या मोजली गेली.

अखेर मार्ग रुंद झाला. १७ जानेवारी २०२१ रोजी डभईवरून केवडियापर्यंतच्या रुंद मार्गाचे व डभईच्या नव्या स्थानकाचे उद्घाटन झाले. प्रवाशांची सोय झाली, हे उत्तमच. तथापि फलाटावर गाडीची वाट पाहताना एवढे स्मरावे, की या गावची पहिली गाडी ज्यांनी ओढली, त्यांच्या गळ्यात घुंगुरमाळा शोभत होत्या.