उंदीर, पिसू आणि चाळ : परळच्या प्रयोगशाळेतील परिस्थितिकी-संशोधनाचा इतिहास

प्रस्तावना

परिस्थितिकी या शास्त्राचा विषय निघाला की सामान्यतः सह्याद्रीतील अरण्ये, गवताळ प्रदेश किंवा खाडीकाठची खारफुटी डोळ्यांसमोर येते. सजीवांची संख्या, त्यांचा अधिवास, अन्न, ऋतुमान आणि परस्परसंबंध यांचा अभ्यास निसर्गाच्या सान्निध्यातच व्हावयाचा, असा समज रूढ आहे. तथापि मुंबईत या पद्धतीचे अत्यंत काटेकोर संशोधन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाले, आणि त्याचे क्षेत्र होते परळ, भायखळा, मांडवी येथील चाळी, गोदामे आणि घरगल्ल्या. अभ्यासाचे विषय होते उंदीर, उंदरावरील पिसू आणि प्लेगचा जंतू. मनुष्य या साखळीत सर्वांत शेवटी येत होता.

प्लेगच्या साथीवरील मराठी लेखन प्रामुख्याने राजकीय आणि सामाजिक अंगाने झाले आहे. घरझडती, सक्तीचे विलगीकरण, २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर झालेला हल्ला या घटना सर्वपरिचित आहेत. त्यामानाने परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाकडे, विशेषतः त्याच्या परिस्थितिकीय अंगाकडे, कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात या संशोधनाचा आढावा घेऊन त्याचा शहराच्या निवासप्रश्नाशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

साथीची पार्श्वभूमी

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातील रुग्णांना ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, झाल्याचे जाहीर केले. मांडवी हा बंदरालगतचा धान्यव्यापाराचा भाग. गोदामे आणि त्यांना खेटून दाट वस्ती अशी त्याची रचना होती. थोड्याच महिन्यांत साथ शहरभर पसरली. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी नोंदली गेली. मृत्यू आणि भीतीपोटी झालेले स्थलांतर या दोहोंचा हा परिणाम होता.

१८९६ च्या ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा जागा बदलत १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये स्थिरावली. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

लस तयार झाली तरी रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, याचे उत्तर मिळाले नव्हते. दूषित हवा, दूषित माती, धान्य, रुग्णाचा स्पर्श, अनवाणी पायांवरील जखमा अशी अनेक कारणे सांगितली जात. सरकारी उपाययोजनाही त्यानुसार ठरत : घरांत जंतुनाशकांचा मारा करणे, भिंतींना चुना लावणे, सामान जाळणे, छपरे उघडून प्रकाश आत घेणे. लोकांचा अनुभव मात्र वेगळे सांगत होता. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे, एवढे त्यांनी ओळखले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथील प्रयोगानंतर पिसू हा दुवा असल्याचे प्रतिपादन केले. परंतु ते त्या वेळी सर्वमान्य झाले नाही.

लिस्टन यांची निरीक्षणे

परळच्या प्रयोगशाळेतील कॅप्टन विल्यम ग्लेन लिस्टन यांनी या प्रश्नाकडे जीवशास्त्रीय निरीक्षणाच्या मार्गाने पाहिले. १९०३ मध्ये मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातील गिनीपिग प्लेगने मेले. त्यांच्या अंगावर लिस्टन यांना उंदरावरील पिसवा आढळल्या. त्याच वर्षी एका चाळीत उंदीर मरू लागले आणि पाठोपाठ तेथील रहिवासी पिसवांनी हैराण झाले. या रहिवाशांच्या अंगावरून पकडलेल्या ३० पिसवांपैकी १४ उंदरावरील जातीच्या निघाल्या. एरवी माणसांच्या अंगावर सापडलेल्या २४६ पिसवांत ही जात केवळ एकदा आढळली होती.

या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होता. उंदीर जिवंत असेतो त्याच्यावरील पिसू सहसा त्याला सोडत नाही. उंदीर मेला की ती भुकेली होऊन मिळेल त्या उष्ण रक्ताच्या प्राण्याकडे वळते. म्हणजे माणसाची साथ हा उंदरांच्या संख्येत झालेल्या आकस्मिक घसरणीचा परिणाम ठरतो. लिस्टन यांनी आपले विवेचन प्लेग, उंदीर आणि पिसवा या विषयावरील निबंधातून मांडले आणि तो १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पक्षी, सस्तन प्राणी आणि वनस्पती यांच्या नोंदींसाठी ख्यात असलेल्या नियतकालिकात चाळीतील उंदरांना स्थान मिळावे, ही बाब या संशोधनाचे स्वरूप सूचित करते.

परळच्या कोठ्या

१९०५ मध्ये रॉयल सोसायटी, लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट आणि भारतमंत्र्यांचे कार्यालय यांच्या सहकार्याने प्लेग-संशोधनासाठी एक मंडळ मुंबईत कामास लागले. जॉर्ज लॅम्ब, लिस्टन, पेट्री, रोलंड यांच्याबरोबर केशव पै, अवारी यांसारखे भारतीय डॉक्टरही त्यात होते. मंडळाचे अहवाल १९०६ पासून 'जर्नल ऑफ हायजीन'मध्ये प्रसिद्ध होऊ लागले.

मंडळाने परळच्या आवारात लहान कोठ्या बांधल्या. सामान्य घरांतील परिस्थिती तेथे निर्माण करता यावी, आणि त्यातील एकेक घटक वेगळा काढून तपासता यावा, हा त्यामागील हेतू होता. कोठीत निरोगी आणि प्लेगग्रस्त गिनीपिग एकत्र ठेवले जात. पिसवा नसतील तर प्राणी एकमेकांच्या निकट राहूनही, इतकेच नव्हे तर मलमूत्राने दूषित झालेल्या जमिनीवर वावरूनही, रोग पसरत नसे. पिसवा असतील तर पसरे, आणि त्याचा वेग पिसवांच्या संख्येच्या प्रमाणात वाढे.

पुढचा प्रयोग अधिक बोलका होता. पिसू सुमारे चार इंचांपेक्षा उंच उडू शकत नाही, असे आढळले होते. त्यामुळे दूषित कोठीत काही गिनीपिग जमिनीवर मोकळे सोडण्यात आले, काही जमिनीपासून दोन इंचांवरील पिंजऱ्यात, तर काही दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यात ठेवण्यात आले. पहिल्या दोन्ही गटांत लागण झाली. उंच टांगलेले प्राणी सुरक्षित राहिले. सर्वांभोवतीची हवा एकच होती. दूषित हवेच्या सिद्धांताला या प्रयोगानंतर आधार उरला नाही.

शहराची मोजणी

कोठ्यांतील प्रयोगांच्या जोडीने मंडळाने प्रत्यक्ष शहरातील उंदरांची मोजणी हाती घेतली. महानगरपालिकेचे कर्मचारी पकडलेले आणि मेलेले उंदीर, ते जेथे मिळाले त्या ठिकाणाच्या नोंदीसह परळला पोहोचवीत. तेथे प्रत्येकाचे विच्छेदन होई, जात व लिंग ठरवले जाई आणि प्लेगची लक्षणे तपासली जात. वर्षभरात एक लाखाहून अधिक उंदरांची तपासणी झाली. त्याबरोबरच शीव, वडाळा, परळ आणि वरळी या शहराच्या उत्तरेकडील चार वस्त्यांचे स्वतंत्र सर्वेक्षण करण्यात आले. पुढे गिरणगाव म्हणून ओळखल्या गेलेल्या पट्ट्यातील परळचा उल्लेख येथे 'गाव' म्हणून येतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या मोजणीतून शहराची एक वेगळीच रचना समोर आली. मुंबईत उंदरांच्या दोन जाती प्रमुख होत्या. तपकिरी उंदीर गटारे, घरगल्ल्या आणि तळमजले व्यापून होता. काळा उंदीर घरांत, माळ्यांवर आणि कौलांखाली राहत असे, आणि माणसाशी त्याचा संबंध अधिक निकटचा होता. तपकिरी उंदरावर पिसवांची संख्या काळ्या उंदराच्या दुपटीहून अधिक आढळली. साथ प्रथम तपकिरी उंदरांत सुरू होई. सुमारे दहा दिवसांनी ती काळ्या उंदरांत पोहोचे, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांतील मृत्यू वाढू लागत. हा शेवटचा काळ पिसूच्या उपासाचे तीन दिवस, रोग शरीरात मुरण्याचे तीन दिवस आणि आजाराचे पाच-सहा दिवस यांच्या बेरजेशी जुळत होता. गटारापासून घरापर्यंत रोगाची वाटचाल अशा रीतीने दिवसांच्या हिशेबात मांडता आली.

ऋतुमानाचाही उलगडा झाला. मुंबईत साथीचा जोर हिवाळ्याच्या अखेरीस वाढे आणि उन्हाळा तापला की ओसरे. पिसवांची संख्या त्याच क्रमाने चढत-उतरत होती. शिवाय अधिक तापमानात पिसूच्या जठरातून जंतू लवकर नाहीसे होतात, असेही दिसून आले. साथ नसलेल्या महिन्यांत रोग उंदरांमध्येच तुरळक स्वरूपात टिकून राहतो, हा निष्कर्षही महत्त्वाचा होता.

निष्कर्षांचा दुहेरी परिणाम

१९०८ पर्यंत मंडळाचे प्रमुख निष्कर्ष निश्चित झाले. माणसातील गाठीचा प्लेग सर्वस्वी उंदरांतील प्लेगवर अवलंबून असतो. रोग एका ठिकाणाहून दुसरीकडे माणसाच्या कपड्यांतून वा सामानातून जाणाऱ्या पिसवांमुळे पोहोचतो. आणि अस्वच्छता उंदरांच्या वाढीस जितकी पोषक ठरते, तितक्यापुरताच तिचा प्लेगशी संबंध आहे.

या शेवटच्या निष्कर्षाचे परिणाम दोन दिशांनी झाले. एकीकडे त्याने गरीब रहिवाशांवरील मोठा कलंक दूर केला. त्यांची राहणी, त्यांचा स्पर्श, त्यांचा श्वास रोगाला कारण नाही, हे प्रयोगाने सिद्ध झाले. १८९७ मधील विलगीकरणाच्या जाचक उपायांचा शास्त्रीय पाया त्यामुळे ढासळला. दुसरीकडे निवासाचा प्रश्न 'उंदरांचा प्रश्न' या मर्यादित चौकटीत बसवण्याची सोय झाली. उंदीर पकडणे आणि मारणे हा उपाय स्वस्त होता. हवेशीर, पक्क्या जोत्याची, धान्य सुरक्षित ठेवता येईल अशी घरे बांधणे खर्चिक होते.

वस्तुतः मंडळाची आकडेवारी घराकडेच बोट दाखवत होती. काळा उंदीर कौलांत राहतो, कारण कौलांत पोकळी असते. तो खोलीत येतो, कारण एकाच खोलीत स्वयंपाक, धान्य आणि झोप यांची व्यवस्था असते. तपकिरी उंदीर वाढतो, कारण घरगल्लीत उष्टे-खरकटे साचते. अन्न आणि निवारा कायम असेल तर मारलेल्या उंदरांची जागा नवी पिढी भरून काढते. हे तत्त्व पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील अभ्यासातून स्पष्ट केले. अधिवास बदलला तरच संख्या टिकाऊ रीतीने घटते, हे त्यांच्या कामाचे सार होय.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रस्ते रुंद केले, नव्या चाळी उभारल्या आणि दादर-माटुंग्याची आखणी केली. परंतु दाट वस्त्या पाडण्याचा वेग पर्यायी घरे बांधण्याच्या वेगापेक्षा अधिक राहिला. विस्थापित कुटुंबे जवळपासच्या चाळींतच आसरा शोधत आणि तेथील दाटी वाढे. १९११ मध्ये शहराची लोकसंख्या ९,७९,४४५ झाली होती. गिरण्यांसाठी येणाऱ्या कोकण-घाटावरील कामगारांची भर परळ-लालबागच्या चाळींवर पडत होती.

उंदरांचे बदलते स्वरूप

या इतिहासातील आणखी एका प्रकरणाची नोंद आवश्यक आहे. मुंबईतील उंदीर मद्रासच्या उंदरांपेक्षा प्लेगला कमी बळी पडतात, हे मंडळाच्याच प्रयोगांत दिसले होते. मद्रास शहर साथीपासून बहुतांशी मुक्त राहिले होते. १९३० च्या दशकात हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी निरनिराळ्या शहरांतील उंदरांवर तुलनात्मक प्रयोग करून १९३७ मध्ये त्याला पुष्टी दिली. वारंवार साथी आलेल्या शहरांत प्रतिकारक्षम उंदीर जगले आणि त्यांचीच संतती वाढली. नैसर्गिक निवडीचे हे उदाहरण माणसाच्या वस्तीत, काही दशकांच्या अवधीत घडले. मुंबईतील प्लेग ओसरण्यामागे जी कारणे सांगितली जातात, त्यांत उंदरांतील हा बदल महत्त्वाचा आहे. भारतभर एक कोटीहून अधिक बळी घेतलेल्या साथीचा उतार केवळ प्रशासकीय उपायांच्या खात्यावर मांडता येत नाही, हे यावरून दिसते.

समारोप

परळच्या संशोधनाने शहराकडे परिसंस्था म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. जाती, अधिवास, ऋतू, परजीवी आणि निवड या सर्व अंगांचा विचार त्यात आहे. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. उंदीर कोणत्या ठिकाणी मेला हे त्या नोंदींत आहे. त्या खोलीत किती माणसे राहत, भाडे किती देत आणि घर सोडावे लागल्यावर कोठे गेली, याचा विचार अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला. घर हे उंदराचे अधिवासस्थान म्हणून तपासले गेले, माणसाचे म्हणून पुरेसे तपासले गेले नाही.

ही उणीव केवळ भूतकाळाची नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा १९९३ च्या भूकंपानंतर ओस पडलेली घरे, त्यांत राहिलेले धान्य आणि वाढलेले उंदीर यांच्या संबंधाची चर्चा झाली. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तेव्हा उंदीर आणि तुंबलेले पाणी यांचा संबंध पुन्हा पुढे आला. दोन्ही प्रसंगी मूळ प्रश्न माणसांच्या निवाऱ्याचा होता. परळ-लालबागच्या जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत असताना गटारे, कचरा आणि तळमजल्यावरील वस्ती यांचे काय होते, याची मोजणी शंभर वर्षांपूर्वीच्या काटेकोरपणाने होणे आवश्यक आहे. त्या मोजणीत रहिवाशांच्या स्थितीचीही नोंद झाली, तर परळच्या संशोधकांचे काम पूर्णत्वाकडे जाईल.