एमआयटीची डिग्री आणि छावणीतला सुतार

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. नेहमीप्रमाणे बोलल्यासारखाच लिहिलाय, थोडा साफसूफ करून.

आज आपण फर्निचरबद्दल बोलणार आहोत. थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. यात महायुद्ध आहे, तारेच्या कुंपणातली छावणी आहे, पाँडिचेरी आहे आणि शेवटी माझे बाबाही आहेत.

सुरुवात बाबांपासूनच करतो. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात सुतार होते. बारा बलुतेदारांमधले. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीची चाकं, जे मोडेल ते दुरुस्त करायचं आणि सुगीला धान्य मिळायचं, ते बलुतं. बाबा शिकले, शिक्षक झाले आणि त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली, की पोराच्या हातात रंधा द्यायचा नाही. मी बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो, बाबा खूश.

मग लॉकडाउनमध्ये गावी गेलो असताना माळ्यावर एका पोत्यात आजोबांचा रंधा, दोन पटाशा आणि एक गुण्या सापडला. मी तो ऐवज पुण्याला घेऊन आलो. तेव्हापासून फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी माझा 'कारखाना' चालतो. हे कळल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "यासाठी शिकवलं का तुला?" त्यानंतर आमच्यात हा विषय बंद.

गेल्या वर्षी सागवानाची एक जाड फळी आणली, कॉफी टेबल करायला. मार्चच्या उन्हात तिला एका टोकापासून वीतभर चीर गेली. चीर कशी थांबवायची हे शोधताना एक फोटो दिसला. एक भलंमोठं टेबल, त्याला माझ्या फळीपेक्षा मोठी भेग, आणि त्या भेगेवर डमरूच्या आकाराचे लाकडी तुकडे बसवलेले. भेग लपवली नव्हती, बुजवलीही नव्हती, फक्त बांधून ठेवली होती. ते टेबल बनवणारा माणूस म्हणजे जॉर्ज नाकाशिमा.

जन्म १९०५, अमेरिकेतलं स्पोकेन गाव. आईवडील जपानमधून आलेले. पोरगा हुशार. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये आधी वनशास्त्र, मग आर्किटेक्चर. त्यानंतर एमआयटीतून मास्टर्स. आपल्याकडे या बायोडेटावर लगेच स्थळं आली असती! पण पठ्ठ्या पॅरिसला गेला आणि तिथून जपानला. टोकियोत १९३४ मध्ये अँटोनिन रेमंड नावाच्या आर्किटेक्टकडे त्याला काम मिळालं. हे रेमंड मूळचे चेक. फ्रँक लॉइड राइटबरोबर टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलच्या कामासाठी जपानला आले आणि तिथेच राहिले.

आता आपला देश येतो. रेमंडच्या ऑफिसला पाँडिचेरीच्या श्री अरविंद आश्रमाचं काम मिळालं. साधकांसाठी राहायची इमारत, नाव 'गोलकोंड'. यासाठी मोठी देणगी हैदराबाद संस्थानचे सर अकबर हैदरी यांच्यामार्फत आली होती, म्हणून हे नाव. १९३७ मध्ये साइटवर कोण जाणार, तर नाकाशिमा. वय बत्तीस. भारतातल्या सुरुवातीच्या आधुनिक काँक्रीट इमारतींमध्ये गोलकोंडचं नाव घेतात. खिडक्यांना काचा नाहीत, उघडमीट करता येतील अशा आडव्या पट्ट्यांच्या भिंतीच आहेत. वारा आत, ऊन बाहेर. पाँडिचेरीच्या उकाड्यात पंख्याशिवाय राहता यावं म्हणून केलेला हा जुगाड, पण काय देखणा जुगाड!

काम करणारे बरेचसे आश्रमातलेच लोक होते. कंत्राटदाराची घाई नव्हती. नाकाशिमांनी पगार घेणं सोडलं आणि ते स्वतःच साधक झाले. श्री अरविंदांनी त्यांना 'सुंदरानंद' हे नाव दिलं. त्यांनी फर्निचरची रचना करायला सुरुवात केली ती इथेच, गोलकोंडच्या खोल्यांसाठी, आपल्या सागवानात. हे वाचलं तेव्हा मी माझ्या चिरलेल्या फळीकडे जरा आदराने बघितलं.

१९३९ मध्ये युद्धाचे ढग दाटले आणि ते निघाले. १९४० मध्ये अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी तिथलं नामांकित बांधकाम फिरून पाहिलं आणि निराश झाले. कागदावर सुंदर, प्रत्यक्षात जोडणी कच्ची. आर्किटेक्ट चित्र काढतो, बांधतो दुसराच, आणि मधल्या मधे जीव निघून जातो. त्यांनी ठरवलं, पहिल्या करवतीपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत आपल्याच हातात राहील असं काम करायचं. लाकडी फर्निचर! सिएटलमध्ये एका मिशनच्या मुलांच्या क्लबचं तळघर मिळालं. भाडं नाही, त्या बदल्यात पोरांना सुतारकाम शिकवायचं. १९४१ मध्ये मॅरियन ओकाजिमांशी लग्न झालं. सगळं मार्गी लागत होतं.

आणि डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला.

१९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. त्या आदेशाखाली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरातून उचलून छावण्यांमध्ये टाकलं. खटला नाही, आरोप नाही. यातले जवळपास दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. नाकाशिमाही त्यातलेच. एमआयटीची डिग्री, बायको आणि तान्ही मुलगी मीरा यांना घेऊन ते पोचले आयडाहोच्या वाळवंटातल्या मिनिडोका छावणीत. फळ्या ठोकून उभ्या केलेल्या बराकी, फटींतून येणारी धूळ, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी.

तिथे त्यांना गेंतारो हिकोगावा भेटले. जपानी पारंपरिक पद्धतीने तयार झालेले सुतार. दोघांना काम मिळालं ते बराकीच्या खोल्या माणसांनी राहण्याजोग्या करायचं. सामान काय, तर बांधकामातून उरलेलं भंगार लाकूड आणि वाळवंटात उगवणारी झुडपं. त्या तुटपुंज्या सामानावर नाकाशिमा शिकले. जपानी करवत ढकलताना नाही तर ओढताना कापते. ओढल्यामुळे पातं ताणलं जातं, वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि काप बारीक येतो. रंधाही आपल्यासारखा पुढे ढकलायचा नाही, अंगाकडे ओढायचा. खाचेत कुसू बसवायचं ते असं, की खिळ्याची गरजच पडू नये. आणि हत्यार धार लावल्याशिवाय हातात घ्यायचं नाही.

थोडं थांबून बघा. युनिव्हर्सिटी झाली, एमआयटी झाली, पॅरिस, टोकियो, पाँडिचेरी झालं. तरी त्यांचा हात खरा बसला तो तारेच्या कुंपणाआड, हिकोगावांच्या शेजारी उभं राहून. नाकाशिमांनी स्वतः हे ऋण मान्य केलंय.

१९४३ मध्ये जुने बॉस रेमंड मदतीला आले. ते तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप गावाजवळ शेतावर राहत होते. त्यांनी हमी घेतली आणि नाकाशिमा कुटुंब बाहेर पडलं. शेतावर काम काय, तर कोंबड्या सांभाळणं. वर्षभर त्यांनी तेही केलं. मग आपल्या मेहनतीच्या बदल्यात तीन एकर जमीन मिळवली आणि स्वतःच्या हाताने बांधायला घेतलं. क्रम लक्षात घ्या, आधी कारखाना, मग घर. घर आणि कारखाना एकाच आवारात, चार पावलांवर. पुढची जवळपास पंचेचाळीस वर्षं त्यांनी तिथेच काम केलं.

आता जरा तांत्रिक, कारण मी इंजिनीअर आहे आणि मला राहवत नाही.

हातात पैसे नव्हते, त्यामुळे सरळ, निर्दोष फळ्या परवडत नव्हत्या. वखारवाले ज्या बाजूला टाकायचे त्या गाठीच्या, चिरलेल्या, वेड्यावाकड्या कडेच्या फळ्या नाकाशिमा आणायचे. झाडाची मूळची कड तशीच ठेवायची ही त्यांची खूण आज इन्स्टाग्रामवर 'लाइव्ह एज' नावाने महाग विकली जाते. तिची सुरुवात कडकीतून झाली!

आणि तो डमरू? लाकूड सुकतं तेव्हा लांबीला जवळजवळ आखडत नाही, रुंदीला आखडतं. त्यातही वर्तुळांच्या दिशेने जितकं आखडतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आखडतं. या ओढाताणीत फळी फाटते. टोकं आधी सुकतात, म्हणून चीर टोकाकडून सुरू होते. डमरूचा तुकडा असा बसवायचा की त्याचे रेषे चिरेला आडवे जातील. लाकूड रेष्यांच्या दिशेने ओढलं तर सहसा तुटत नाही, आणि डमरूचे दोन्ही रुंद कान चिरेच्या दोन्ही बाजू धरून ठेवतात. हा जोड नाकाशिमांनी शोधलेला नाही, तो फार जुना आहे. त्यांनी इतकंच केलं, की तो टेबलाच्या खालच्या अंगाला न दडवता वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणला.

ओंडका चिरला की त्याच्या फळ्या झाडात होत्या त्याच क्रमाने रचायच्या, मध्ये वाऱ्यासाठी पट्ट्या ठेवायच्या आणि वर्षानुवर्षं सुकू द्यायच्या. साधा हिशोब, इंचभर जाडीला एक वर्ष. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला.

नाव झालं. १९६४ मध्ये ते अहमदाबादला आले आणि तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी त्यांनी फर्निचरची रचना केली. १९७३ मध्ये नेल्सन रॉकफेलर यांच्या घरासाठी दोनशेच्या वर वस्तूंची ऑर्डर मिळाली. आणि गंमत म्हणजे, बनवलेल्या वस्तूच्या पोटाखाली बऱ्याचदा ते नाव लिहायचे ते गिऱ्हाईकाचं. अमेरिकन सरकारने छावण्यांबद्दल कायद्याने माफी मागितली ती १९८८ मध्ये, हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देऊन. नाकाशिमा १९९० मध्ये गेले. छावणीत नेलेली ती तान्ही मीरा मोठी होऊन आर्किटेक्ट झाली आणि तिने वडिलांचा कारखाना पुढे चालवला. २०१४ मध्ये ते आवार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं.

ही गोष्ट सांगताना मला एक टोचणी लागून राहते. नाकाशिमांची आपण गोष्ट करतो, कारण ते शिकून सुतार झाले. डिग्रीवाला माणूस लाकडाकडे वळला की ती निवड असते, तपश्चर्या असते. हिकोगावा मात्र मला या गोष्टीच्या एका प्रकरणात भेटतात आणि निघून जातात. पुण्यातला विश्रामबागवाडा बघा. त्याचे कोरीव सागवानी खांब, तो सज्जा. दुसऱ्या बाजीरावाने बांधून घेतला हे शाळेतलं पोरही सांगेल. पण ती पटाशी ज्यांनी चालवली, त्यांची नावं आपल्या पुस्तकात नव्हती. माझंही तसंच की. मी बाल्कनीत रंधा मारला तर ऑफिसातले 'वॉव, काय हॉबी आहे' म्हणतात. आजोबांना कोणी वॉव म्हटलं नव्हतं. बाबांचा राग कुठून येतो, हे मला उशिरा कळलं. त्यांना लाकडाचा तिटकारा नव्हता. सुगीला दारोदार धान्य मागायला जाताना ते आजोबांच्या मागे पोतं धरून उभे राहिलेत.

डमरू बसवायला मला तीन रविवार लागले. पहिला ढिला झाला, दुसरा बसवताना फुटला, तिसरा बसला. घाबरत घाबरत बाबांना फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. रात्री फोन आला.

"लाकूड किती दिवस सुकवलं होतंस?"

मी म्हटलं, "सुकवलं नव्हतं. आणलं आणि कापलं."

"मग चिरणारच ना. दादा पावसाळा काढल्याशिवाय फळीला हात लावायचे नाहीत. आणि टोकाला शेण लिंपायचे, टोक हळू सुकावं म्हणून."

त्यानंतर बाबा चाळीस मिनिटं बोलत होते. कोणत्या गाडीचं चाक, कोणाच्या घराचा दरवाजा, बाभूळ कुठे वापरायची आणि साग कुठे. मी फक्त ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी सुताराचा मुलगा म्हणून बोलले. टेबल पुरं झाल्यावर मी ते उलटं केलं आणि खालच्या बाजूला पेनाने आजोबांचं नाव लिहिलं.

तर मंडळी, आजचं काम सोपं आहे. तुमच्या घरात एखादा जुना पाट, देव्हारा, कपाट किंवा आजीची पेटी असेल. ती उलटी करून बघा, जोड कसा केलाय ते बघा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा की ही कोणी बनवली होती. नाव मिळालं तर मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोपर्यंत, भेटूच!