ऐतिहासिक रेल्वे डब्यांचे संगणकीय पुनर्निर्माण

ऐतिहासिक रेल्वे डब्यांचे संगणकीय पुनर्निर्माण म्हणजे सेवेतून बाद झालेल्या प्रवासी डब्यांची त्रिमितीय प्रतिकृती तयार करून ती रेल्वे सिम्युलेटरमध्ये चालवण्याजोगी करणे. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर (२००१), ट्रेन्झ (२००१) आणि मुक्त-स्रोत ओपन रेल्स या प्रणालींमध्ये वापरकर्त्यांना स्वतः बनवलेले डबे, इंजिने व मार्ग जोडता येतात. त्यामुळे हे काम बऱ्याच अंशी हौशी रचनाकारांकडून होते. मूळ डबे मोडीत निघाल्यानंतर नव्या पिढीला त्यांची ओळख अनेकदा अशा प्रतिकृतींतूनच होते व त्यातील चूकही इतिहास म्हणून रूढ होऊ शकते. या कामातील अडचणी मुंबई–पुणे मार्गावरील डेक्कन क्वीनच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात.

काळनिश्चिती

अचूक प्रतिकृतीसाठी प्रथम वर्ष ठरवावे लागते, कारण एकाच नावाच्या गाडीचे डबे वेळोवेळी बदलत गेलेले असतात. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने सुरू केली. तेव्हा तिचे प्रत्येकी सात डब्यांचे दोन संच होते. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडमध्ये, तर वरचे सांगाडे माटुंगा कारखान्यात तयार झाले होते. १९६६ मध्ये या डब्यांची जागा पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या (आयसीएफ) पोलादी डब्यांनी घेतली आणि डब्यांची संख्या बारा झाली. पुढे ती सतरापर्यंत गेली. जून २०२२ पासून ही गाडी एलएचबी डब्यांसह धावते.

डब्यावरील वर्गाची अक्षरेही काळानुसार बदलली. आरंभी गाडीत पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ रोजी पहिला वर्ग रद्द होऊन दुसऱ्या वर्गाला पहिला वर्ग म्हटले जाऊ लागले. जून १९५५ मध्ये तिसरा वर्ग जोडला गेला आणि एप्रिल १९७४ पासून त्याचे नाव दुसरा वर्ग झाले. म्हणजेच १९४० व १९८० या दोन्ही वर्षांच्या प्रतिकृतींवर ‘दुसरा वर्ग’ असे लिहिणे योग्य असले, तरी ते दोन अगदी वेगळे वर्ग होत.

मोजमापे

कारखान्याचे मूळ आराखडे हे सर्वांत विश्वसनीय साधन होय. ते उपलब्ध नसल्यास संग्रहालयातील डब्यांची प्रत्यक्ष मोजणी केली जाते किंवा छायाचित्रातील एखाद्या ज्ञात मापावरून उरलेली मापे काढली जातात. आयसीएफ डब्याच्या सांगाड्याची लांबी २१,३३७ मिमी, तर एलएचबी डब्याची २३,५४० मिमी असते. त्यामुळे एका प्रतिकृतीचा केवळ रंग बदलून दुसरी तयार केल्यास खिडक्यांमधील अंतर व चाकांची जागा चुकते. बोलीभाषेत संपूर्ण डब्याला ‘बोगी’ म्हणतात. तांत्रिक अर्थाने मात्र बोगी म्हणजे डब्याखालील चाकांची फिरती चौकट. जुने वर्णन वाचताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

रंग आणि अंतर्भाग

१९३० च्या दोन संचांपैकी एक रुपेरी असून त्यावर किरमिजी पट्ट्या होत्या. दुसरा गडद निळा असून त्यावर सोनेरी रेघा होत्या. कृष्णधवल छायाचित्रांतून रंगाची नेमकी छटा कळत नाही, म्हणून लिखित वर्णनाचा आधार घेतला जातो. या गाडीची खास ओळख असलेल्या भोजनयानासारख्या डब्यात मेज व आसनांची मांडणीही दाखवावी लागते, कारण खिडकीतून ती दिसते.

गतिगुण

सिम्युलेटरमध्ये डब्याच्या आकाराइतकेच त्याचे वजन, घर्षण व ब्रेक महत्त्वाचे असतात. ओपन रेल्समध्ये साधे बेअरिंग व रोलर बेअरिंग यांतील फरक नोंदवता येतो. भारतीय रेल्वेवर पूर्वी निर्वात ब्रेक प्रचलित होते. नंतर दाबाच्या हवेवर चालणारे ब्रेक आले. बोर घाटातील ३७ ला १ इतक्या तीव्र चढ-उतारावर हा फरक विशेष जाणवतो. चुकीची ब्रेकप्रणाली असलेली गाडी दिसायला जुनी असली, तरी चालवताना आधुनिक वाटते.

मार्गाशी सुसंगती

डबा, इंजिन व मार्ग हे एकाच काळातील असणे अपेक्षित असते. १९३० च्या डब्यांना डब्ल्यूसीपी-१ हे विद्युत इंजिन शोभते. या मालिकेतील एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे. रुळांची रुंदीही जुळावी लागते: मुंबई–पुणे मार्ग १,६७६ मिमी, तर नेरळ–माथेरान मार्ग ६१० मिमी रुंदीचा आहे.

प्रत्यक्षात नसलेले मार्गही सिम्युलेटरमध्ये रचता येतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून रेल्वेमार्ग गेलेला नाही. मात्र पुणे–नाशिक रेल्वेच्या एका आराखड्यात नारायणगाव व मंचरचा परिसर होता. अशा मार्गावर जुने डबे चालवण्यास तांत्रिक अडचण नसते, परंतु त्याची नोंद ‘कल्पित’ अशी करणे आवश्यक ठरते. प्रतिकृतीसोबत वर्ष, वापरलेली साधने आणि अंदाजाने भरलेले तपशील नमूद केल्यास पुढील रचनाकाराला त्यातील चुका दुरुस्त करता येतात.

हे सुद्धा पहा

डेक्कन क्वीन
बोर घाट
इंटिग्रल कोच फॅक्टरी
नेरळ–माथेरान रेल्वे