मानशीचे दार : गोव्याची खाजन शेती

आफोंसो मेशिया याने 1526 साली गोव्यातील गावकारीच्या चालीरीती 'फोराला'त नोंदविल्या. खाजनांची व्यवस्था त्याहून जुनी. मानशीचे लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटे, ओहोटीला उघडे. आत खार सोसणारे कोरगुट भात पिके. मासळी दारापाशीच धरीत. बांधाची निगा गावकारी राखी. 1964 च्या कूळकायद्याने कुळांना न्याय मिळाला, हे निर्विवाद. परंतु निगेची जबाबदारी कूळसंघांकडे गेली आणि, माझ्या मते, तेथेच ती सैल झाली. मानशीच्या मासळीला शेतापेक्षा अधिक मोल आले. कोळंबीच्या लोभाने काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडले गेले. अशा खारवलेल्या शेतांत आता खारफुटी माजली आहे.