हाँगकाँगमधील मार्गशुल्काचा प्रयोग (१९८३–१९८५)

एखादी शासकीय योजना बारगळली म्हणजे अपयशाचे खापर बहुधा यंत्रांवर अथवा खर्चावर फोडले जाते. हाँगकाँगमध्ये जुलै १९८३ ते मार्च १९८५ या काळात झालेल्या विद्युत्-मार्गशुल्काच्या प्रयोगाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. गर्दीच्या वेळी गर्दीच्या भागात मोटार नेणाऱ्याकडून त्या प्रवासाचे मोल घ्यावे, हा त्यामागील हेतू. सुमारे २,५०० वाहने, त्यांतील बहुतेक सरकारी, प्रयोगात घेण्यात आली. प्रत्येक वाहनाच्या तळाशी एक विद्युत्-पट्टी बसविली होती. रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून वाहन गेले की त्याची ओळख, स्थळ व वेळ गणकयंत्राकडे जात असे. ज्याची ओळख पटत नसे, त्याच्या मागील क्रमांकाचे छायाचित्र टिपले जाई. ओळखीची अचूकता ९९ टक्क्यांहून अधिक भरली. यंत्रांची परीक्षा अशी उत्तम रीतीने पार पडली, तरी योजना सोडून द्यावी लागली.

कल्पना नवी नव्हती. ब्रिटनमध्ये स्मीड समितीने १९६४ साली तिची आर्थिक व तांत्रिक शक्यता तपासली होती, आणि सिंगापुरात २ जून १९७५ पासून ती प्रत्यक्षात आलीही होती. परंतु तेथील साधन म्हणजे काचेवर चिकटविलेला कागदी परवाना. पहारेकरी तो पाही आणि विसरून जाई. मोटार कोणाची, कोठून आली, याची नोंद कोठेच राहत नसे. हाँगकाँगची पद्धती याहून मूलतः भिन्न होती. तेथे दूरध्वनीप्रमाणे महिन्याकाठी बिल जावयाचे होते, आणि बिल म्हटले की नोंद आलीच. कर गोळा करण्याच्या निमित्ताने नागरिकाच्या हालचालींची वही शासनाच्या दप्तरी आपोआप तयार होणार होती.

ही वही किती सुरक्षित, हा प्रश्न अर्थातच निघाला. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा हाँगकाँगमध्ये १९९५ साली झाला. म्हणजे त्या वेळी शासनाच्या शब्दापलीकडे नागरिकापाशी फारसा आधार नव्हता. त्यातच, प्रयोग चालू असतानाच, १९ डिसेंबर १९८४ रोजी चीन-ब्रिटन संयुक्त घोषणापत्रावर सह्या झाल्या आणि १९९७ साली सत्तांतर होणार हे निश्चित झाले. आजच्या शासनावर विश्वास ठेवला, तरी दप्तर उद्या कोणाच्या हाती जाईल, ही शंका मग निराधार म्हणता येत नाही.

तथापि केवळ या शंकेनेच योजना बुडाली असे मानणे सोपे, पण अपुरे ठरेल. १९८२ साली शासनाने मोटारींवरील प्रथम-नोंदणीचा कर दुप्पट व वार्षिक परवानाशुल्क तिप्पट केले होते. मोटारींची संख्या त्यामुळे व मंदीमुळे घटली, आणि गर्दीची निकड तेवढ्याने ओसरली. मे १९८५ मध्ये भुयारी रेल्वेचा बेटावरील मार्गही सुरू झाला. मोटारमालकांना हा नवा आकार दुहेरी भुर्दंड वाटला. परवानाशुल्क कमी करण्याची भाषा शासनाने केली ती उशिरा. जिल्हा मंडळांनी, जी त्या वेळी नवीन व आपले बळ अजमावण्यास उत्सुक होती, बहुमताने विरोध केला.

न्यायाचा खरा पेच येथेच आहे. हाँगकाँगची बहुसंख्य प्रजा बसने, ट्रामने व रेल्वेने हिंडणारी. कोंडी फुटल्याचा लाभ मुख्यतः तिला झाला असता. परंतु मिळालेला पैसा तिच्या प्रवासासाठी खर्च होईल असे बंधन योजनेत नसल्याने तिच्या बाजूने बोलणारा कोणी पुढे आला नाही. मोटारमालकांचा आवाज तेवढा ऐकू आला. त्यांचा खासगीपणाचा आक्षेप त्यांच्या खिशालाही सोयीचा होता हे खरे. म्हणून तो पोकळ होता असे मात्र ठरत नाही.

पुढील काळाने तो आक्षेप दोन रीतींनी तपासला. सिंगापूरने १९९८ साली कागदी परवाना सोडून विद्युत्-पद्धती स्वीकारली, तेव्हा गाडीतच आगाऊ पैसे भरलेले कार्ड ठेवण्याची सोय केली. पैसे जागच्या जागी वळते होत, प्रवासांची यादी घरी पाठविण्याचे कारण उरले नाही. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी ५ पौंडांचा दैनिक आकार सुरू केला तो क्रमांक वाचणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आधारे. जुलै २००७ मध्ये दहशतवादविरोधी कामासाठी राजधानीच्या पोलिसांना त्या कॅमेऱ्यांची माहिती तत्क्षणी पाहण्याची मुभा मिळाली, आणि त्याकरिता माहिती-संरक्षण कायद्यातील तरतुदींतून सूट देणारे प्रमाणपत्र गृहमंत्र्यांच्या सहीने निघाले.