रणजीचा हिशेब आणि आमचं कलघटगी

कलघटगी म्हटलं की लोकांना लाकडी रंगीत पाळणे आठवतात. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, पुढंही लिहितील. मी आज लिहितोय ते आमच्या शिलाईच्या दुकानात दर हिवाळ्यात चालणाऱ्या रणजी ट्रॉफीच्या हिशेबाबद्दल. तरुण पोरांना हसू येईल. आयपीएलच्या जमान्यात रणजी कोण बघतं! पण आमच्या गावातल्या मराठी घरांना 'आपली टीम कुठली' हा प्रश्न याच खेळानं विचारला, आणि उत्तर द्यायला वीसेक वर्षं लावली.

आधी जरा इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. माणसं जागच्या जागीच राहिली. आमचे अप्पा तेव्हा ऐन तिशीत होते. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कानडी, वाचायला बेळगावचा 'तरुण भारत' आणि पाहुणे सगळे कोल्हापूर-मिरजेकडं. क्रिकेटमध्ये त्यांची टीम मुंबई. ती मुंबईही कसली, तर १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षं रणजी जिंकणारी. अशा टीमवर प्रेम करणं सोपं असतं.

खरं सांगायचं तर रणजीतली मुंबई म्हणजे मुंबई शहराचा संघ. त्याच इलाख्यात महाराष्ट्र आणि गुजरात असे वेगळे संघ खेळत होते. म्हणजे १९५६ च्या आधीसुद्धा मुंबई हिशेबानं आमची नव्हतीच. पण हे अप्पांना कोण सांगणार? त्यांच्यासाठी मुंबई म्हणजे जुनं राज्य, जुने कागद, जुना शिक्का.

दुकानात बसायला येणारे बरेचसे कानडी. कुणी शेतकरी, कुणी शाळामास्तर, एक-दोघं तालुका कचेरीतले. त्यांची टीम म्हैसूर. पण तिथंही एक गोम होती. म्हैसूरच्या संघात आमच्या भागातलं कोण होतं? प्रसन्ना बेंगळूरचा, चंद्रशेखर म्हैसूरचा. विश्वनाथ भद्रावतीचा, म्हणजे त्यातल्या त्यात अलीकडचा. धारवाड, गदग, विजापूर कुठंच नाही. एक मास्तर म्हणायचे, "ही बेंगळूरची टीम हो, आम्ही नुसते टाळ्या वाजवणारे." तेव्हा दुकानात दोन पक्ष होते आणि दोघांचीही टीम तशी परक्या गावचीच.

हिशेब कसा चालायचा ते सांगतो. रणजी तेव्हा विभागांत खेळली जायची. आम्ही दक्षिण विभागात. म्हैसूरच्या वाटेत मद्रास आणि हैदराबाद हे दोन डोंगर. केरळ आणि आंध्र यांच्यावर जिंकणं गृहीत धरलेलं. विभागातून वर आलं तरच बाद फेरी. सामना निकाली जिंकला तर जास्त गुण, अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला जास्त गुण. म्हणून सगळं गणित त्या आघाडीभोवती फिरायचं. कापडावर खुणा करायच्या खडूनं अप्पांच्या कटिंग टेबलाच्या कडेला आकडे लिहिलेले असायचे. हैदराबादवर आघाडी मिळाली तर काय, मद्रासशी बरोबरी झाली तर काय. एकदा एका गिऱ्हाइकाच्या पँटीच्या मापाखालीच चंद्रशेखरच्या विकेटी लिहिल्या गेल्या होत्या.

आणि हा सगळा हिशेब करून झाला की अप्पा कात्री खाली ठेवून शांतपणे म्हणायचे, "बरं. विभाग जिंकला. पुढं मुंबई आहे." झालं. सगळे गप्प. म्हैसूर १९४१-४२ ला अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलं होतं, १९५९-६० ला पुन्हा मुंबईकडूनच. यात राजस्थान आमचं सांत्वन. ते बिचारे तर अंतिम फेरीत मुंबईकडून सात वेळा हरले.

मग आलं १९७३-७४. १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, आणि संघाचंही. मी तेव्हा सोळा वर्षांचा. नाव बदलल्यानं विकेटी पडत नाहीत हे अप्पांचं मत. पण दुकानातल्या पलीकडच्या पक्षाला जोर चढला हे खरं. आता निदान नावात तरी आपण आहोत, असं ते मास्तर म्हणाले.

उपांत्य सामना बेंगळूरला, कर्नाटक विरुद्ध मुंबई. मुंबईकडं गावसकर, वाडेकर, सोलकर. अप्पांचा हिशेब साधा: पंधरा वर्षं जे झालं तेच सोळाव्या वर्षी होणार. कर्नाटकनं आधी ३८५ केले. विश्वनाथ १६२, ब्रिजेश पटेल १०६. तरी अप्पा म्हणाले, "गावसकर एकटा फेडेल की." धारवाड आकाशवाणीवर बातम्या लागल्या की शिलाई मशीन थांबायची. प्रसन्नानं गावसकरचा त्रिफळा उडवला. तरी वाडेकर होता, आणि तो जमला होता. तो ६२ वर धावताना घसरला आणि धावबाद झाला. मुंबई ३०७. आघाडी ७८ ची, कर्नाटककडं. पंधरा वर्षांचं राज्य असं एका पाय घसरण्यावर गेलं असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. ३८५ आधीच फळ्यावर होते आणि समोर प्रसन्ना-चंद्रा होते. पण गोष्ट म्हणून ती घसरगुंडीच टिकली.

त्या दिवशी दुकानात पेढे वाटले गेले. मीही घेतला. अप्पांनी बघितलं, बोलले काहीच नाहीत. दोन दिवस घरात क्रिकेट हा शब्द निघाला नाही. पुढं जयपूरला कर्नाटकनं राजस्थानला १८५ धावांनी हरवून पहिली रणजी जिंकली. प्रसन्ना कर्णधार.

पुढच्याच वर्षी मुंबईनं अंतिम सामन्यात कर्नाटकला हरवून ट्रॉफी परत नेली, तेव्हा अप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण धाक गेला तो गेलाच. हिशेबातली 'पुढं मुंबई आहे' ही ओळ आता शेवटची राहिली नव्हती. १९८१-८२ च्या उपांत्य सामन्यात रघुराम भटची फिरकी खेळायला खुद्द गावसकर डावखुरा उभा राहिला. अप्पांना ते अजिबात आवडलं नाही. "उजव्या हातानं बाद झाला असता तर चाललं असतं," म्हणाले. त्याच वर्षी दिल्लीत अंतिम सामन्यात कर्नाटकनं ७०५ केले. सातशे पाच! आम्ही ट्रॉफी घरी आली असंच धरलं. दिल्लीनं ८ बाद ७०७ केले. त्या संध्याकाळी अप्पा पहिल्यांदा कर्नाटकबद्दल 'आपले' म्हणाले: "आपल्यांनी अजून पन्नास करायला हवे होते." मी मशीनवर होतो. मान वर न करता ऐकलं.

म्हणजे बघा, १९७४ च्या जिंकण्यानं जे झालं नाही ते या हरण्यानं झालं.

मास्तरांची तक्रार मात्र तशीच राहिली होती. ती मिटवली गदगच्या सुनील जोशीनं. हा पोरगा शाळा सांभाळून सरावासाठी गदगहून हुबळीला यायचा-जायचा. १९९५-९६ च्या रणजीत त्यानं पाचशेवर धावा आणि पन्नासवर विकेटी काढल्या, कर्नाटक जिंकलं आणि १९९६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये कसोटी खेळला. मास्तर तोवर रिटायर झाले होते. पेपर घेऊन मुद्दाम दुकानात आले आणि जोशीचा फोटो कटिंग टेबलावर पसरला. अप्पांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "घरी मराठी बोलतात का कानडी?" मास्तर भडकले. "गदगचा आहे, तेवढं पुरे!"

अप्पा गेल्यावर २०१३-१४ ला हैदराबादला अंतिम सामना झाला, कर्नाटक विरुद्ध महाराष्ट्र. महाराष्ट्र १९४०-४१ नंतर रणजी जिंकलेला नव्हता आणि त्या मोसमात केदार जाधवनं बाराशेवर धावा केल्या होत्या. पुण्याच्या भाच्याचा आदल्या रात्री फोन: "मामा, उद्या कुणीकडं?" मी त्याला हिशेब सांगितला. आधी पहिल्या डावाची आघाडी बघ, मग बोलू. महाराष्ट्र ३०५, कर्नाटक ५१५. तिसऱ्या दिवशी त्यानंच फोन केला, म्हणाला, "मामा, तुमची टीम भारी आहे हो." सात गडी राखून जिंकलो आम्ही.